बूस्टचा आकडा बघून घाबरू नका

तुमच्या गाडीला टर्बो आहे का? गेल्या काही वर्षांत घेतलेली डिझेल गाडी असेल, तर आहेच असं समजा. पेट्रोल असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा. हल्ली एक-सव्वा लिटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनांनाही टर्बो बसवतात.

त्या टर्बोचा दाब बघायची सोयही आता घरोघरी आली आहे. काही गाड्यांच्या पडद्यावरच तो दिसतो. नसेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा ॲडॉप्टर खोचायचा आणि मोबाइलवर ॲप घ्यायचं. घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं हे काम चहा होईपर्यंत करून देतं. मग आकडे नाचायला लागतात, आणि त्यांच्याबरोबर आपला जीवही.

‘बूस्ट मायनस दाखवतंय.’ ‘मागच्या महिन्यात दोनशे यायचं, आता एकशे नव्वदच येतं.’ ‘शेजाऱ्यांच्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त येतं.’ अशा शंका घेऊन माणसं गॅरेजात जातात. तिथे कुणी तरी म्हणतं, टर्बो गेला. टर्बो बदलायचा म्हणजे महिन्याचं घरखर्चाचं गणित कोलमडतं. पुष्कळदा टर्बोला काहीही झालेलं नसतं.

म्हणून आधी आकडा वाचायला शिका. त्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही.

टर्बो काय करतो, ते दोन वाक्यांत सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चाक फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन जाळता येतं, आणि छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे चीज नवी नाही. आपल्या दारात मात्र ती सावकाश आली.

ही जी दाबून भरलेली हवा, तिचा दाब म्हणजे बूस्ट.

आता पहिलं काम. तुमचं मीटर शून्य कुठे धरतं, ते शोधा. निम्मा गोंधळ इथेच असतो.

पंपावर टायरमध्ये हवा भरता तेव्हा काय होतं ते आठवा. टायर पार बसलेला असला तर मीटर शून्य दाखवतं. खरं तर त्या टायरात हवा असते, बाहेर आहे तेवढ्याच दाबाची. मीटर फक्त बाहेरच्यापेक्षा वरची हवा मोजतं. काही बूस्ट मीटर असंच मोजतात. काही मात्र बाहेरच्या हवेसकट सगळा दाब दाखवतात. एकाच गाडीत, एकाच क्षणी पहिलं मीटर ५० म्हणेल आणि दुसरं १५०. दोन्ही खरं बोलतात.

ॲपमध्ये बहुधा दोन्ही सोयी असतात. ‘इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर’ किंवा ‘मॅप’ असं लिहिलं असेल, तर तो सगळा दाब. ‘बूस्ट’ किंवा ‘टर्बो बूस्ट’ असेल, तर बहुधा बाहेरची हवा वजा करून उरलेला. यातलं काय बघताय ते ठरवा आणि तेच धरून चाला. आज एक, उद्या दुसरं असं करू नका.

मग एककं. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच १००० मिलिबार, म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. एवढं एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. कुणी ‘माझ्या गाडीला चौदा येतं’ म्हणालं आणि तुमच्या ॲपवर १ दिसलं, तर दोघांचं सारखंच आहे.

आता एक सोपी तपासणी. गाडी उभी असताना, इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा. बटणवाली गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबा, म्हणजे इंजिन सुरू न होता दिवे लागतील. काही गाड्यांत बटण दोनदा दाबावं लागतं. मग ॲपवर सगळा दाब बघा. इंजिन बंद आहे, तेव्हा आत आणि बाहेर एकच हवा. मुंबईत, पणजीत, रत्नागिरीत हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. नागपुरात ९७-९८. पुणं समुद्रापासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, तिथे ९४-९५. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरच्या आसपास ८६ च्या जवळपास.

एक-दोन इकडेतिकडे झालं तर सोडून द्या. पावसाळ्यात हवेचा दाब तसाही थोडा उतरतो. पण मुंबईत उभ्या, बंद गाडीत ८५ किंवा ११५ दिसत असेल, तर दाब मोजणारा सेन्सर चुकतोय किंवा काजळीने भरलाय. मग पुढचा कुठलाही आकडा खरा धरू नका. सेन्सर साफ करणं किंवा बदलणं हे टर्बोच्या मानाने किरकोळ काम आहे.

पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या मंडळींसाठी आणखी एक. काही ॲप बाहेरचा दाब गाडीकडून न घेता समुद्रकिनाऱ्यावरचा, म्हणजे १०१, धरून चालतात. मग पुण्यात बंद गाडीतही बूस्ट मायनस दिसतो. बिघाड काही नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचा दाब गाडीच्या सेन्सरवरून घ्यायला सांगा.

आता इंजिन सुरू करा. इथे पेट्रोल आणि डिझेलच्या वाटा वेगळ्या होतात.

पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेवर एक झडप असते. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती जवळजवळ मिटते. इंजिन हवा ओढत राहतं, वाट मिळत नाही, म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. गाडी उभी, इंजिन गरम, एसी बंद, अशा वेळी सगळा दाब ३० ते ४० किलोपास्कल दिसतो. बूस्ट मोजणारं मीटर तेव्हा उणे ०.६ किंवा उणे ०.७ बार दाखवतं. हेच निरोगी लक्षण आहे. रस्त्याला लागून साठच्या वेगाने सपाटीवर निवांत जातानाही आकडा उणेच असतो. तुम्ही ताकद मागितलेली नाही, मग टर्बो कशाला देईल?

डिझेलमध्ये इंजिनाची ताकद हवा अडवून नव्हे, तर डिझेल कमी-जास्त करून ठरते. म्हणून उभ्या गाडीत आकडा बाहेरच्या हवेच्या आसपास राहतो. काही नव्या डिझेल गाड्यांत धूर साफ ठेवण्यासाठी अशी झडप असते, त्यांचा आकडा थोडा खाली जातो. तेही ठीक.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. उभ्या गाडीत न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर घुमवून बूस्ट कधीही तपासू नका. कुणी गॅरेजात तसं करून ‘बघा, बूस्ट येतच नाही’ म्हणालं, तर मान डोलावू नका. टर्बोला फिरवतो तो धुराचा जोर, आणि धुराला जोर येतो इंजिनावर भार पडला की. उभ्या गाडीत भार नसतो. मग बूस्ट कुठून येणार? चांगल्या गाडीलाही तिथे जेमतेम येतं.

तपासणी रस्त्यावरच होते. ती अशी करा.

शेजारी कुणाला तरी बसवा. मोबाइल त्यांच्या हातात द्या. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, अजिबात नाही. ॲपमध्ये आकडे साठवायची सोय असेल तर ती चालू करा आणि घरी येऊन निवांत बघा.

इंजिन चांगलं गरम होऊ द्या. सकाळच्या वेळचा मोकळा, सरळ, थोडा चढाचा रस्ता निवडा. तिसरा गिअर टाका. इंजिनाचे फेरे दीड हजारावर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि साडेतीन हजारांपर्यंत जाऊ द्या. वेगमर्यादा ओलांडत असेल तर आधीच सोडा. एवढंच. हा खेळ गर्दीच्या रस्त्यावर, शाळेजवळ किंवा एक्स्प्रेसवेच्या घाटात करायचा नाही.

आता काय दिसायला हवं? आधी थोडा वेळ काहीच होत नाही. मग आकडा भरभर चढतो, एका टोकाला पोचतो, जरा टिकतो. फेरे फार वाढले की हलकेच उतरतो. शेवटचा उतार बघून पुष्कळांची झोप उडते. तो गाडीच्या संगणकानेच ठरवलेला असतो.

सुरुवातीचा तो ‘काहीच नाही’ वेळही स्वाभाविक आहे. १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आठवतं का? आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होतं, आणि किती तरी कंपन्यांच्या गाड्यांत बसलं. ते चालवलेला कुणीही सांगेल, दोन हजार फेऱ्यांच्या खाली गाडी झोपलेली आणि वर गेली की अंगात वारं शिरल्यासारखी. तो त्या इंजिनाचा स्वभावच होता. त्याच इंजिनाच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात साधा टर्बो होता आणि ९० च्या प्रकारात पाती कमी-जास्त उघडणारा. दोन्ही गाड्यांचं इंजिन दिसायला एक, पण बूस्टचे आकडे वेगळे. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना नको. एकाच नावाच्या दोन गाड्यांतसुद्धा नको, आधी टर्बोचा प्रकार विचारा.

ढोबळ कल्पना हवी असेल तर, पूर्ण पाय दाबल्यावर छोट्या टर्बो पेट्रोलला आणि रोजच्या वापरातल्या डिझेलला बाहेरच्या हवेच्या वर साधारण ०.८ ते १.५ बार येतो. पण या आकड्यावर पैजा लावू नका. तुमच्या गाडीसाठी खरा आकडा एकच. गाडी ठणठणीत असताना तुम्हीच टिपलेला.

म्हणून हे आजच करा. गाडी नीट चालतेय तेव्हाच. वर सांगितली तशी चाचणी घ्या आणि सर्व्हिसच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. तारीख, रस्ता कुठला, गिअर कुठला, किती फेऱ्यांना सर्वांत जास्त दाब आला, आणि किती. पेट्रोल असेल तर उभ्या गाडीतला उणे आकडाही लिहा. सहा महिन्यांनी शंका आली तर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा बघता येईल.

स्कॅनरवर एक ओळ अशी असते की हिच्यासाठी बाकीच्या सगळ्या सोडल्या तरी चालेल. गाडीच्या संगणकाने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष आलेला बूस्ट. साध्या ॲपवर ही जोडी बहुतेकदा दिसत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या आणि चांगल्या गॅरेजच्या स्कॅनरवर दिसते. आकडा चढत असताना दोन्हींत अंतर पडतं, त्याची काळजी नको. पण पूर्ण पाय दाबून चढण चढताना, आकडा स्थिरावल्यावरही, मागितलेला १.२ आणि आलेला ०.८ असं सारखं दिसत असेल, तर कुठे तरी हवा मुरतेय.

घाटाचंही सांगून ठेवतो. उंचावर हवा विरळ होते. तरी गाडीचा संगणक इंजिनातला एकूण दाब तेवढाच ठेवायला बघतो. समजा मुंबईत एकूण दाब २०० आणि बाहेरची हवा १००, म्हणजे बूस्ट १००. महाबळेश्वरला बाहेरची हवा ८६. तेवढ्याच २०० साठी बूस्ट ११४ लागतो. मीटरवर बूस्ट वाढलेला दिसेल, ताकद तेवढीच. टर्बो मात्र जास्त जोरात फिरत असतो. लेहला गेलात, तर साडेतीन हजार मीटरवर बाहेरची हवा ६५ च्या आसपास उरते. तिथे संगणक टर्बोचा जीव वाचवायला हात आखडता घेतो आणि गाडी जड वाटते. मनालीच्या पुढे गाडी ओढत नाही म्हणून वाटेतल्या एखाद्या टपरीवर टर्बो उघडून बसू नका. खाली उतरा, फरक कळेल.

मे महिन्याच्या दुपारीही गाडी जरा मंदावते. गरम हवा विरळ असते, आणि पेट्रोल इंजिन तापलं की संगणक स्वतःच ताकद कमी करतो.

आणखी एक गंमत. काही डिझेल गाड्यांत ॲपवरचा आकडा २५५ ला जाऊन गोठतो. तुम्हाला वाटतं सेन्सर अडकला. या जोडणीतून येणारा सगळ्या दाबाचा साधा आकडा २५५ च्या वर जाऊच शकत नाही, मोजपट्टीच तिथे संपते.

आता खरंच काही बिघडलं असेल तेव्हाचं बोलू.

आकडा नेहमीपेक्षा कमी, गाडी ओढत नाही, डिझेल असेल तर चढाला काळा धूर, ॲव्हरेजही उतरलं. कधी पिवळा इंजिनाचा दिवा लागतो. कधी गाडी आपली आपण ताकद आवरते आणि कितीही दाबलं तरी रांगत जाते. तिला पुढचं नुकसान टाळायचं असतं. स्कॅनरवर तेव्हा बहुधा पी०२९९ असा कोड येतो. त्याचा अर्थ बूस्ट कमी पडतोय, इतकाच. टर्बो गेला असं तो कोड म्हणत नाही. हे वाक्य गॅरेजात जाताना लक्षात असू द्या.

स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करा.

आधी एअर फिल्टर. मातीच्या रस्त्यावर, उसाच्या हंगामात, बांधकामाशेजारी गाडी असते त्यांनी पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट बघू नये. फिल्टर गच्च भरला की टर्बोला श्वासच मिळत नाही.

मग पाइप. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॉनेट उघडा. टर्बोपासून हवा गार करणाऱ्या पुढच्या इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे मनगटाएवढे काळे रबरी पाइप दिसतील. हवा त्यांतूनच जाते. प्रत्येक जोडावर पोलादी क्लिप असते. त्या क्लिपभोवती बोट फिरवा. सगळीकडे कोरडी धूळ असेल आणि एकाच जोडाखाली ओलसर, तेलकट, काळपट कडं दिसत असेल, त्यावर माती चिकटून लेप झाला असेल, तर हवा तिथून निसटते आहे. पाइपाची खालची बाजू बघायला मोबाइलचा कॅमेरा आत घाला. चीर बहुधा खालच्या वळणावरच पडते, जिथे डोळा पोचत नाही. गाडी चढावर घेताना ‘सुस्स’ असा नवा आवाज येऊ लागला असेल तर हेच कारण शोधा.

पाइपाच्या आत तेलाचा पातळ थर दिसला तर लगेच दचकू नका. इंजिनाच्या आतली वाफ याच वाटेने पुन्हा हवेत मिसळते, तिच्याबरोबर थोडं तेल येतंच. पाइप उलटा केल्यावर तेल ओघळलं, तर मात्र दाखवा.

तिसऱ्या त्या बारीक नळ्या. बऱ्याच गाड्यांत टर्बोची जादा धूर बाहेर सोडणारी झडप किंवा पाती हलवायला पेन्सिलीएवढ्या रबरी नळ्या असतात. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि नेमक्या याच नळ्या कुरतडतात. शंभर-दोनशेच्या नळीपायी टर्बोचं बिल फाडू नका. सोसायटीत गाडी लावत असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघायची सवय ठेवा.

यानंतर येतात काजळीने भरलेला सेन्सर, धूर परत इंजिनात वळवणारी, अडकलेली ईजीआर झडप, तुंबलेला धुराचा फिल्टर आणि काजळीमुळे जाम झालेली टर्बोची पाती. ही जाम पाती शहरात रोज दोन-तीन किलोमीटर रांगणाऱ्या डिझेल गाड्यांचा आजार. अशा गाडीला पंधरा दिवसांतून एकदा तरी हायवेला नेऊन अर्धा-पाऊण तास मोकळं चालवावं. यातलं प्रत्येक काम टर्बो न बदलता होऊ शकतं.

आणि बूस्ट जास्त येत असेल तर? कमीपेक्षा हे वाईट. आकडा नेहमीचं टोक ओलांडून वर जातो, मग गाडी एकदम झटका देऊन ताकद सोडते. कोड बहुधा पी०२३४. टर्बोची झडप मिटलेली राहिली असेल, नळी निसटली असेल, पाती अडकली असतील. जोर न लावता, हळू चालवत गॅरेज गाठा. ‘पिकअप काय मस्त आलाय’ म्हणून खूश होऊन पुढचा घाट चढू नका.

कुणी पैसे घेऊन संगणकातला प्रोग्रॅम बदलून बूस्ट वाढवून देतो म्हणेल. माझं मत विचाराल तर, घरच्या गाडीला हे करू नका. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो सगळं मूळ ताकदीच्या हिशेबाने बनलेलं असतं. वॉरंटी जाते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

धुराचे रंगही ओळखा. डिझेलचा काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळतंय. तेव्हा लगेच तेलाची पट्टी ओढून पातळी बघा. पातळी उतरत असेल तर लांबचा प्रवास रद्द करा.

त्यातलाच एक धोका सांगायला हवा, क्वचित होणारा पण जिवावरचा. डिझेल गाडीत टर्बोचं सील फुटून तेल थेट इंजिनात जायला लागलं, तर इंजिन त्याच तेलावर धावतं. फेरे आपोआप वाढतात, मागे धुराचा लोट, आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. गाडी मॅन्युअल असेल तर रस्त्याच्या कडेला थांबा, ब्रेक घट्ट दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. ते जमत नसेल किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल, तर मुलाबाळांना घेऊन लांब जा. बॉनेट उघडायला जाऊ नका.

टर्बो टिकवायचा असेल तर खरी किल्ली तेलात आहे. त्याचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच तेल घाला. किलोमीटर झाले नाहीत तरी वर्ष झालं की बदला. ‘गाडी फिरलीच कुठे’ हा हिशेब इथे चालत नाही. तेलाचा लाल दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत न जाता तिथेच थांबा, इंजिन बंद करा.

सकाळी सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं हळू चालवा. घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवर वेगात येऊन फूड मॉलला थांबलात, तर लगेच चावी फिरवू नका. अर्धा ते एक मिनिट इंजिन चालू राहू द्या, मग बंद करा. टर्बो तापलेला असताना तेलाचा पुरवठा तुटला की उरलेलं तेल तिथेच जळून कोळसा होतं. शहरात सावकाश चालवत घरी आलात तर या थांबण्याची गरज नाही.

ॲडॉप्टरचं काम झालं की तो काढून ठेवा. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली आणि ॲडॉप्टर तसाच राहिला, तर बॅटरी उतरते आणि तुम्ही भलतंच कारण शोधत बसता.

जुनी गाडी घेत असाल तर विकणाऱ्याच्या समोरच ॲडॉप्टर लावा. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ अशी एक ओळ बऱ्याच गाड्यांत मिळते. गाडी ऐंशी हजार चालली आहे आणि कोड पुसल्याला नऊच किलोमीटर झाले आहेत, असं दिसलं तर काल संध्याकाळी कुणी तरी दिवा विझवून ठेवलाय. कारण विचारा. रस्त्यावरची चाचणी घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः पाइप, नळ्या सोडवू नका. आकडे टिपा, धुराचा व्हिडिओ काढा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉरंटी संपली असेल आणि गॅरेजने टर्बो बदलायला सांगितलं, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा. मागितलेला आणि आलेला बूस्ट किती, त्याचा कागद किंवा फोटो दाखवता का? पाइप, नळ्या आणि फिल्टर तपासले का? दांडा हलवून बघितला का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तुम्हाला हाताला धरून बॉनेटपाशी नेतो.

टर्बो खरोखरच गेला असेल, तर जुना टर्बो परत मागा. तो तुमचा आहे. हवेच्या बाजूच्या चाकाची पाती बघा. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या असतील तर फिल्टरमधून माती किंवा काही तरी आत गेलं होतं. मग फिल्टरची पेटी आणि तिचा पाइप दुरुस्त करून घ्या. दांडा निळा-काळा पडला असेल तर त्याला तेल पुरलं नाही. मग टर्बोला तेल नेणारी बारीक नळी बदलायला सांगा, इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल काढून घ्या आणि तेल-फिल्टर नवीन भरून घ्या. ही कामं बिलात दिसत नसतील तर गाडीची चावी हातात घेण्याआधी विचारा.